पाळी तीन-तीन महिने येत नाही, गोळ्या सोडल्या की पुन्हा तेच: पीसीओएसबद्दल एका विद्यार्थिनीला उत्तर

प्रश्न: माझं वय २२. मूळ गाव लातूर जिल्ह्यात, सध्या पुण्यात सदाशिव पेठेत राहून एमपीएससीचा अभ्यास करते. पाळी तेराव्या वर्षी सुरू झाली. दोन वर्षांपासून ती दोन-अडीच महिन्यांनी येते, आणि आता साडेतीन महिने झाले तरी आलेली नाही. उंची १५६ सेंमी, वजन ५४ वरून ६३ किलो झालंय. हनुवटीवर राठ केस येतात, पिंपल्सही आहेत. सोनोग्राफीत पीसीओडी आलं. २१ गोळ्यांची पट्टी तीन महिने घेतली तेव्हा पाळी वेळेवर आली, बंद केल्यावर पुन्हा पहिल्यासारखं. मावशी म्हणते, गोळ्यांनी पिशवी खराब होते, लग्न केलं की आपोआप नीट होईल. हे कधी पूर्ण बरं होतं का? मला मूल होईल का?

उत्तर:

मूल होईल का, या काळजीने तुझी झोप उडाली असणार, म्हणून ते आधी सांगते. पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजेच तुझ्या सोनोग्राफीतलं पीसीओडी) असलेल्या बहुतेक जणींना मूल होतं, आणि त्यातल्या कितीतरी जणींना काहीही उपचार न घेता होतं. त्याबद्दल पुढे लिहितेच. पण आज त्याहून निकडीचं काम दुसरं आहे. साडेतीन महिने पाळी आलेली नाही, ते आणखी ताणू नकोस. याच आठवड्यात डॉक्टरकडे जा.

कारण असं. दर महिन्याला स्त्रीबीज बाहेर पडलं की शरीरात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) तयार होतं, आणि ते उतरलं की गर्भाशयाचं अस्तर गळून पडतं. हीच पाळी. तुझ्या बाबतीत बीज वेळेवर बाहेर पडत नाही. मग प्रोजेस्टेरॉन नाही, पण इस्ट्रोजेन हे दुसरं संप्रेरक मात्र चालू, त्यामुळे अस्तर वाढतच राहतं. कधी ते एकदम सुटतं आणि पंधरा-पंधरा दिवस अंगावरून जातं, कधी नुसते डाग पडत राहतात. वर्षानुवर्षं असंच चाललं तर अस्तराच्या पेशी बिघडू शकतात, आणि पुढे काही जणींत त्याचा कर्करोग होतो. बाविसाव्या वर्षी हे फार क्वचित घडतं, घाबरू नकोस. पण ‘पाळी नाही तर कटकट नाही’ म्हणून वर्षात दोन-तीन पाळ्यांवर समाधान मानणाऱ्या मुली मी रोज पाहते, आणि त्यांची मला खरी काळजी वाटते. माझ्या पेशंटना मी एकच नियम पाठ करायला लावते: पाळी न येता ९० दिवस जाऊ द्यायचे नाहीत.

डॉक्टर आधी गरोदरपणाची तपासणी करतील. संबंध आले असतील तर तसं सरळ सांग, लाजू नकोस. ती शक्यता नसेल तर साधारण दहा दिवसांचा प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्यांचा कोर्स देतील. तो संपल्यावर बहुधा आठवडाभरात पाळी येते. नाहीच आली, तरी त्यातूनही निदानाला उपयोगी माहिती मिळते, म्हणून तसं परत जाऊन सांग. आणि इथे आणखी एक. तीन महिन्यांनी आलेली पाळी नेमकी गौरी-गणपतीत नको म्हणून मेडिकलमधून आणलेल्या गोळीने पुढे ढकलू नकोस. घरच्यांना तसं सांगायची वेळ आली तर माझं नाव पुढे कर, डॉक्टरांनी नाही सांगितलंय म्हण.

आता निदान. तुझा आजार ओळखायला सोनोग्राफीची खरं तर गरजच नव्हती. अनियमित पाळी, अंगात पुरुषी संप्रेरकं जास्त असल्याची लक्षणं (राठ केस, हट्टी पिंपल्स, किंवा रक्तात टेस्टोस्टेरॉन वाढलेलं) आणि सोनोग्राफीत अंडाशयांचं ठरावीक चित्र, या तिन्हींपैकी दोन असली आणि दुसरं कारण नसलं की पीसीओएस म्हणतात. २००३ साली रॉटरडॅमच्या बैठकीत हे निकष ठरले, आणि २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही तेच थोडे सुधारून घेतलेत. तुझ्यात पहिली दोन लक्षणं आहेतच. पीसीओडी म्हण की पीसीओएस, रोजच्या व्यवहारात डॉक्टर एकाच गोष्टीबद्दल बोलत असतात.

सोनोग्राफीच्या फिल्मवर अंडाशयाच्या कडेने जे काळे ठिपके दिसतात, त्या काढून टाकायच्या गाठी नव्हेत. त्या स्त्रीबीजाच्या दोन ते नऊ मिलिमीटरच्या पिशव्या आहेत, अर्धवट वाढून थांबलेल्या. तरुण मुलींत त्या मुळातच भरपूर असतात. म्हणूनच पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षं होईपर्यंत सोनोग्राफीवरून पीसीओएस ठरवू नये असं आता स्पष्ट सांगितलेलं आहे. तुझी धाकटी बहीण पंधरा-सोळा वर्षांची असेल आणि कुणी नुसत्या सोनोग्राफीवरून तिला पीसीओडीचा शिक्का मारला, तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी सात बायकांवरून या आजाराचं वर्णन केलं, आणि उपचार म्हणून अंडाशयाचा तुकडा कापून काढला. तेव्हापासून सगळ्यांची नजर अंडाशयावरच खिळली ती आजतागायत. ‘गाठी आहेत, दुर्बिणीतून काढून टाकू’ असं एखाद्या अविवाहित मुलीला सांगितलं गेलं, तर कुठेही सही करण्याआधी थांबा. पाळी नियमित करण्यासाठी ते ऑपरेशन नाही.

अंडाशय बिघडतं त्याला बहुतेक जणींत मागून इन्सुलिनचा हात असतो. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून स्वादुपिंड ते जास्त सोडतं. साखर तात्पुरती ताब्यात राहते, रिपोर्ट नॉर्मल येतो. पण वाढलेलं इन्सुलिन अंडाशयाला टेस्टोस्टेरॉन जास्त बनवायला लावतं, आणि हे टेस्टोस्टेरॉन बांधून ठेवणारं यकृतातलं प्रथिनही कमी करतं. मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढलं की हनुवटीवर केस, गालावर पुटकुळ्या, डोक्यावरचे केस विरळ, आणि बीज अर्ध्यात थांबलेलं. मेंदूकडून अंडाशयाला जाणारे इशारेही यात बिघडलेले असतात. अंगात प्रवृत्ती आनुवंशिक, त्यावर वजन चढलं की सगळं उफाळून येतं. तुझंही वजन नऊ किलोंनी वाढलंय, त्याचा यात हात असू शकतो. बारीक मुलींनाही पीसीओएस होतो, त्यांना ‘जाड नाहीस मग कसं काय’ असं म्हणून परत पाठवणं चूक आहे.

आरशासमोर उभी राहून मानेची मागची बाजू बघ. तिथे, किंवा काखेत, मखमलीसारखा जाडसर काळपटपणा आहे का? कितीतरी आया तो मळ समजून बेसन-लिंबू लावून मुलीची मान लाल होईपर्यंत घासतात. तो मळ नसतो, वाढलेल्या इन्सुलिनची ती खूण असते, आणि इन्सुलिन उतरलं की हळूहळू फिकी होते. आई-वडिलांत, मामा-मावशीत कुणाला साखर आहे का तेही विचारून ठेव.

तपासण्या फार लागत नाहीत. थायरॉईडसाठी टीएसएच, प्रोलॅक्टिन, टोटल टेस्टोस्टेरॉन, आणि सकाळी घेतलेलं १७-हायड्रॉक्सी प्रोजेस्टेरॉन, कारण अधिवृक्क (मूत्रपिंडावर असणाऱ्या) ग्रंथीचा एक जन्मजात दोष हुबेहूब असाच दिसतो. साखरेसाठी नुसती उपाशीपोटीची नको, ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करतात ती तपासणी कर. तरुण मुलींत उपाशीपोटी नॉर्मल आणि दोन तासांनी वाढलेली, असं बरेचदा सापडतं. सोबत कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब. एलएच आणि एफएसएच या अंडाशयाला चालवणाऱ्या दोन संप्रेरकांचं गुणोत्तर निदानाच्या निकषांत नाही, त्यामुळे लॅबच्या लांबलचक हार्मोन पॅकेजवर पैसे घालवू नकोस. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेत असशील तर रक्त देण्याआधी डॉक्टरला सांग. त्यांनी थायरॉईड आणि इतर हार्मोन्सचे आकडे चुकीचे येऊ शकतात. टेस्टोस्टेरॉनची तपासणी २१ गोळ्यांची पट्टी चालू असताना केली तर आकडा खोटा कमी येतो. गोळ्या थांबवून तीन महिने झाले की मगच खरा आकडा कळतो.

आता त्या पट्टीबद्दल, कारण तुझी मावशी एकटी नाही, सगळ्या महाराष्ट्रातल्या मावश्या हेच म्हणतात. या गर्भनिरोधक गोळ्यांनी पिशवी खराब होत नाही, उलट वाचते. त्यातलं प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं औषध) अस्तराला जाड होऊ देत नाही, आणि या गोळ्या घेतलेल्या बायकांत गर्भाशयाच्या अस्तराचा आणि अंडाशयाचा कर्करोग कमी आढळतो. त्या टेस्टोस्टेरॉनही खाली आणतात. बंद केल्यावर मूल होण्याची क्षमता कमी होत नाही. पण गोळी काय करते आणि काय करत नाही, हे तुला कुणी बसून सांगितलं नाही, तिथे घोळ झाला. पट्टी संपल्यावर जो रक्तस्राव होतो तो गोळी थांबल्यामुळे होतो. तुझी स्वतःची घडी बसली असा त्याचा अर्थ नाही. म्हणून तीन महिने घेऊन बंद केली की पुन्हा जुनंच सुरू होणार. औषध निष्फळ ठरलं असं नाही, त्याचं काम गोळी चालू असेपर्यंतच आहे. तुला आत्ता मूल नको आहे, केस आणि पिंपल्सचा त्रास आहे, तेव्हा वर्ष-दीड वर्ष सलग घेण्यात काही गैर नाही. मधल्या काळात वजन आणि इन्सुलिनवर काम कर.

दोन गोष्टी मात्र तपासून घे. एक, तुझ्या पट्टीत सायप्रोटेरॉन आणि ३५ मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेन आहे का बघ. आपल्याकडे पीसीओडी म्हटलं की पुष्कळदा हीच गोळी लिहिली जाते, पण रक्ताच्या गुठळीचा धोका तिच्यात जास्त असल्यामुळे पहिली गोळी म्हणून ती देऊ नये असं सांगितलं आहे. २० ते ३० मायक्रोग्रॅमची कमी शक्तीची गोळी बहुतेकींना पुरते. दोन, डोळ्यांपुढे वेड्यावाकड्या रेषा चमकून मग डोकं दुखण्याची अर्धशिशी, उच्च रक्तदाब, स्वतःला किंवा आई-बहिणीला पायात गुठळी झाल्याचा इतिहास, यातलं काही असेल तर या गोळ्या नकोत. मग दर दोन-तीन महिन्यांनी नुसता प्रोजेस्टेरॉनचा कोर्स घेऊनही अस्तर सांभाळता येतं.

मेटफॉर्मिन लिहून दिलं तर ‘मला डायबिटीस झाला का’ म्हणून घाबरू नकोस. इन्सुलिनचा ताण कमी करायला ते देतात. ५०० मिलिग्रॅमपासून, जेवणासोबत सुरू करून आठवड्या-दोन आठवड्यांनी वाढवत नेलं तर मळमळ आणि जुलाबाचा त्रास पुष्कळ कमी होतो. पहिल्याच दिवशी पूर्ण डोस घेतलेल्या मुली चौथ्या दिवशी औषध सोडतात. दीर्घकाळ घेणार असशील आणि शाकाहारी असशील तर बी-१२ तपासत राहा. इनोसिटॉलच्या पावडरी अपाय करत नाहीत, पण त्यांच्या उपयोगाचा पुरावा अजून तोकडा आहे. विद्यार्थिनीच्या खिशातून मी तो खर्च आधी करायला सांगणार नाही. ज्या पुडीवर घटक लिहिलेले नाहीत ती ‘पीसीओडीची खात्रीशीर’ पुडी कुणीही दिली तरी घेऊ नकोस.

वजनाबद्दल बोलताना मी जपून बोलते, कारण पीसीओएसमध्ये वजन उतरवणं इतरांपेक्षा अवघड जातं, आणि मुलींना त्यावरून टोमणे आधीच भरपूर मिळालेले असतात. तुला ५४ वर परत जायचं नाहीये. पाच ते दहा टक्के, म्हणजे तुझ्या बाबतीत तीन ते सहा किलो कमी झाले तरी बऱ्याच जणींची पाळी नियमित व्हायला लागते. यासाठी एकच असा खास आहार नाही. किटो, ग्लुटेन बंद, दूध बंद, यातलं काहीही दुसऱ्यापेक्षा सरस ठरलेलं नाही. जे वर्षभर निभेल ते खरं.

तुझा दिवस मला साधारण डोळ्यांपुढे येतो, कारण अभ्यासिकेत बसणाऱ्या पुष्कळ मुली माझ्याकडे येतात. सकाळी पोहे आणि चहा, दुपारी मेसचं ताट, संध्याकाळी वडापाव किंवा खारी, रात्री दोनपर्यंत जागरण आणि मध्ये चहा. पाच कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे नुसत्या चहातून चाळीस-पन्नास ग्रॅम साखर रोज. सुरुवात तिथून कर. कप दोनवर आण आणि साखर अर्धी कर. दुसरं, ताटात प्रथिनं नसतात, म्हणून तासाभरात पुन्हा भूक लागते. सकाळी दोन उकडलेली अंडी, किंवा मोड आलेली मटकी. संध्याकाळी खारीऐवजी मूठभर फुटाणे आणि ताक. मेसमध्ये उसळ आणि डाळ दोनदा घे, भात एकदाच. भात बंद करू नकोस, भाकरी मिळाली तर उत्तम. गुरुवार-चतुर्थीचे उपास करत असशील तर कर, पण साबुदाणा हा जवळजवळ नुसता स्टार्च आहे. त्या दिवशी राजगिरा, दही, शेंगदाणे, फळ खा. उपाशी राहून वजन उतरवायला जाऊ नकोस. अती कमी खाणाऱ्या आणि अती व्यायाम करणाऱ्या मुलींची पाळी वेगळ्याच कारणाने बंद होते.

व्यायामात घाम येणं महत्त्वाचं. आठवड्याला किमान १५० मिनिटं दम लागेल असं चालणं, आणि त्यातले दोन दिवस ताकदीचा व्यायाम: बैठका, भिंतीला टेकून जोर, सूर्यनमस्कार. स्नायू हेच इन्सुलिनचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आहे, ते वाढलं की इन्सुलिनचा ताण आपोआप कमी होतो. पर्वती तुझ्यापासून लांब नाही. आठवड्यातून चार सकाळी त्या १०३ पायऱ्या चढ. वजनाचा काटा महिनाभर हलला नाही तरी आतून फरक पडत असतो, तेव्हा काट्यावर रुसून बसू नकोस. आणि झोप. रात्री दोनला झोपून सहाला उठणं इन्सुलिनला मानवत नाही. वेळापत्रक एकदा तरी उलटं करून बघ, अभ्यास सकाळी.

हनुवटीच्या केसांना वेळ लागतो. केसाचं चक्रच मोठं असतं, म्हणून गोळीचा फरक दिसायला सहा महिने धर. तोवर थ्रेडिंग कर, रेझर वापर, त्याने केस वाढत नाहीत की जाड होत नाहीत. लेझर करायचं तर आधी संप्रेरकं ताब्यात आण, नाहीतर बरेच पैसे जाऊन केस परत येतात. सहा महिन्यांत फरक नाही पडला तर स्पायरोनोलॅक्टोनसारखं औषध देता येतं. पण त्या काळात गर्भ राहता कामा नये, गर्भ मुलग्याचा असेल तर त्याच्यावर परिणाम होतो. एक प्रश्न मी प्रत्येकीला विचारते, तुलाही विचारते: चेहरा उजळायची एखादी ट्यूब मेडिकलमधून आणून लावतेस का? पुष्कळ अशा ट्यूबांत स्टेरॉइड असतं. त्याने पिंपल्स आणि चेहऱ्यावरची लव दोन्ही वाढतात, आणि दोष पीसीओडीवर येतो. लावत असशील तर एकदम न थांबवता त्वचारोगतज्ज्ञाला दाखव.

मनाचं विसरू नकोस. पीसीओएस असलेल्या मुलींत नैराश्य आणि चिंता इतरांपेक्षा जास्त आढळतात, आणि त्यात तुझी परीक्षा, निकालाची वाट, घरून येणारे फोन. दोन आठवडे सलग कशातच मन लागत नसेल, रडू येत असेल, तर ते डॉक्टरला पाळीच्या तारखेइतक्याच सरळपणे सांग. टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

लग्नाचं. लग्नाने पीसीओएस बरा होत नाही. इन्सुलिनला लग्नाशी घेणं-देणं नाही. उलट ज्या मुलीची साखर, वजन, पाळी लग्नाआधी मार्गी लागलेली असते, तिला पुढचं सगळं सोपं जातं. मूल हवं असेल तेव्हा, बीज स्वतःहून बाहेर पडत नसेल तर पाच दिवसांच्या गोळ्यांनी ते बाहेर आणता येतं. लेट्रोझोल हे त्यासाठीचं पहिलं औषध आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७५० स्त्रियांच्या अमेरिकेतल्या अभ्यासात जुन्या क्लोमिफीनपेक्षा त्याने जास्त बाळं जन्माला आली. आपल्याकडे २०११ पासून या उपयोगावर बंदी होती, २०१७ मध्ये ती उठली. बहुतेक जणींना टेस्ट ट्यूब बेबीपर्यंत जावं लागत नाही. आणि एक उलटी बाजू: पाळी अनियमित म्हणजे गर्भ राहणारच नाही असं धरून चालू नकोस. बीज कधी बाहेर पडेल ते सांगता येत नाही, तेव्हा नको असेल तर गर्भनिरोधक वापरावंच लागतं. स्थळ बघताना घरच्यांनी हे लपवावं असं मला वाटत नाही. साधारण दहा जणींमागे एकीला असणारी ही गोष्ट आहे, लाजेची नाही.

‘पूर्ण बरं होतं का’ याचं उत्तर: प्रवृत्ती राहते, त्रास राहायलाच हवा असं नाही. वय तिशीकडे झुकलं की अनेकींची पाळी आपसूक जास्त नियमित होते. साखरेचा धोका मात्र पाळी सुधारली तरी जात नाही. म्हणून ती दोन तासांची तपासणी दर एक ते तीन वर्षांनी, आणि गर्भधारणेचा विचार केलास की त्याआधी, करत राहा. आईची साखर कुणी बघितलेली नसेल तर तिचीही करून घे.

डॉक्टरकडे जाताना गेल्या वर्षभरातल्या पाळीच्या तारखा एका कागदावर, जुने रिपोर्ट आणि घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं सोबत ने. खासगी दवाखाना परवडत नसेल तर ससूनच्या स्त्रीरोग विभागाच्या ओपीडीत जा. आवाज घोगरा होत चालला असेल, किंवा केस काही महिन्यांतच झपाट्याने वाढले असतील, स्तनांतून दुधासारखा स्राव येत असेल, तासाला एक पॅड भिजेल इतकं अंगावरून जात असेल, तर तारीख मिळायची वाट न बघता त्याच दिवशी दाखव. गोळ्या चालू असताना एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली किंवा अचानक धाप लागली, तर गोळी बंद करून तडक कॅज्युअल्टीत जायचं आणि तिथे ‘मी हार्मोनची गोळी घेते’ हे पहिलं वाक्य सांगायचं.